आकड्यापुढचे अक्षर

जम्मूच्या रियासी जिल्ह्यातील चिनाब पुलाचे उद्घाटन ६ जून २०२५ रोजी झाले, तेव्हा चर्चा झाली ती प्रामुख्याने उंचीची. नदीपात्रापासून ३५९ मीटर, म्हणजे आयफेल मनोऱ्याहूनही उंच. ते स्वाभाविकही होते. परंतु या पुलाची खरी परीक्षा उंचीइतकीच थंडीत आहे आणि त्या परीक्षेचा संबंध थेट आपल्या परिसराशी पोहोचतो. हा पूल उभारला तो कोकण रेल्वे महामंडळाच्या देखरेखीखाली. या महामंडळाचे मुख्यालय बेलापूरला, कळव्याहून निघणाऱ्या ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे.

पोलाद थंडीत ठिसूळ होते, ही गोष्ट कळव्यात राहणाऱ्याला सहसा जाणवत नाही. येथील थंडी शालीपुरती. मात्र तापमान शून्याच्या खाली उतरू लागले की साध्या बांधकामाच्या पोलादाचा स्वभावच बदलतो. एरवी वाकून, ताणले जाऊन इशारा देणारा हा धातू एखाद्या बारीक चिरेपासून काचेसारखा तडकतो. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे ‘स्केनेक्टडी’ हे नवे तेलवाहू जहाज शांत पाण्यात, धक्क्याला उभे असतानाच दुभंगले. दोष सुरुवातीला वेल्डिंगवर ढकलला गेला. वेल्डिंगमधील उणिवा खऱ्याच होत्या. मात्र, केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिले की, विशिष्ट तापमानाखाली ते पोलादच ठिसूळ होत होते. वेल्डिंगने जोडलेल्या सलग जहाजात मग एकदा सुरू झालेल्या चिरेला अडवणारे काहीच उरत नव्हते.

येथेच ताकद आणि चिवटपणा यांतील भेद लक्षात घ्यावा लागतो. बांधकामाच्या पोलादासाठी आपल्याकडे ‘आयएस २०६२’ हे मानक आहे. त्यातील ‘ई २५०’ वा ‘ई ४१०’ या नावांतील आकडा ताकद सांगतो. त्यापुढचे अक्षर चिवटपणा सांगते. ‘बीआर’ म्हणजे आघाताची चाचणी नेहमीच्या तापमानाला, ‘बी०’ म्हणजे शून्य अंशाला आणि ‘सी’ म्हणजे उणे २० अंश सेल्सियसला. ही चाचणी साधी असते. ५५ मिलिमीटर लांबीच्या तुकड्यावर दोन मिलिमीटरची खाच पाडायची, तो थंड करायचा आणि जड लोलकाने तोडायचा. ‘ई २५० सी’ पोलादाने तुटताना किमान २७ जूल ऊर्जा शोषली पाहिजे. पावणेतीन किलोचे वजन मीटरभर उचलायला लागते, साधारण तेवढी.

केवळ आकडा वाढवणे त्या मानाने सोपे. कार्बन वाढवला की ताकद वाढते. पण ठिसूळपणाही वाढतो आणि वेल्डिंग अवघड होते. दोन्ही गुण हवे असतील तर गंधक व फॉस्फरस कमी करावे लागते, नायोबियमसारख्या धातूची चिमूट घालून आणि नियंत्रित तापमानाला लाटून पोलादाचा कण बारीक ठेवावा लागतो. निकेल वाढवले की थंडी आणखी सोसते. उणे १६२ अंशांचा द्रवरूप वायू साठवणाऱ्या टाक्यांसाठी नऊ टक्के निकेलचे पोलाद वापरले जाते, ते याच कारणाने. कळव्यातील मुकंदच्या कारखान्याने ज्या स्टेनलेस स्टीलमुळे नाव मिळवले, त्याच्या निकेलयुक्त प्रकारांत तर अणूंची रचनाच वेगळी असल्याने ते कडाक्याच्या थंडीतही चिवट राहते. पण त्याची किंमत पाहता अख्खा पूल त्याचा बांधणे परवडणारे नाही.

चिनाब पुलासाठी सुमारे २८ हजार टन पोलाद लागले. उणे १० ते ४० अंश तापमानाला योग्य असेच पोलाद त्यासाठी निवडले गेले. वेल्डिंगच्या सांध्यांची एकूण लांबी ५८४ किलोमीटर भरते आणि ते तपासण्यासाठी पुलाच्या जागीच अधिस्वीकृत प्रयोगशाळा उभारावी लागली. या पुलाचे मोठेपण उंचीच्या आकड्यापेक्षा या तपासणीच्या शिस्तीत अधिक आहे, असे म्हणावे लागेल.

प्रश्न आहे तो पुढचा. लडाखकडे जाणारे रस्ते आणि पूल यांची कामे वाढत आहेत. द्राससारख्या ठिकाणी हिवाळ्यात पारा उणे २० च्याही खाली जातो. आपल्या मानकातील ‘सी’ची चाचणी मात्र उणे २० लाच थांबते. युरोपीय मानकात उणे ५० अंशांपर्यंत चाचणी झालेले प्रकार उपलब्ध आहेत. आपल्याकडे त्याहून कमी तापमानाची हमी हवी असेल तर ती अट खरेदीदारानेच स्वतंत्रपणे लिहायची. निविदेत ताकदीचा आकडा आणि टनामागचा दर एवढेच पाहण्याची सवय असेल, तर ती अट सुटण्याचा धोका उघड आहे. अशी चूक उन्हाळ्यात दिसत नाही. वाहतूक सुरू होते, फिती कापल्या जातात. आणि कडाक्याच्या एखाद्या पहाटे, कोणतीही पूर्वसूचना न देता, सांध्यातली चीर धावत सुटते.

मानकात अधिक थंडीसाठी स्वतंत्र प्रकार समाविष्ट करणे आणि सीमेवरील प्रत्येक पोलादी पुलाच्या निविदेत चाचणीचे तापमान स्पष्ट लिहिणे, हे दोन्ही उपाय खर्चाचे नसून दक्षतेचे आहेत. चिनाबवर ती दक्षता दाखवणारी संस्था आपल्या शेजारीच आहे. तिचा अनुभव एका पुलापुरता राहू नये. पूल सहन करणार आहे ती त्या जागची थंडी. आणि तिचा हिशेब आकड्यात नव्हे, आकड्यापुढच्या अक्षरात असतो.