कमरेचा घोडा आणि रात्रीचा अंधार

शेतवस्तीवर राहणाऱ्याला रात्रीची भीती काय असते, ते गावठाणात निजणाऱ्याला कळायचं नाही. कुठं दरोडा पडला की चार जण परवान्याच्या मागे लागतात. अर्ज, पोलिसांचा अहवाल, हेलपाटे, आणि अखेर कानपूरच्या सरकारी कारखान्याचं ०.३२ बोरचं रिव्हॉल्व्हर कमरेला येतं. नळी जेमतेम तीन इंच, चक्रीत सहा गोळ्या. आमचा त्याला विरोध नाही. पण ते अंधारात उडवून पाहिलंय किती जणांनी?

आखूड नळीचं दुखणं असं, की दारू पुरती जळायच्या आत गोळी बाहेर पडते. मागोमागच्या तापल्या वायूला बाहेर हवा मिळते आणि नळीच्या तोंडाशी भडका उडतो. चक्री आणि नळीमध्ये बारीक फट असते, तिथूनही जाळ आडवा फुटतो. नेम धरताना दुसऱ्या हाताचं बोट तिथं गेलं तर भाजलंच समजा. दिवसा हे फारसं जाणवत नाही. रात्री मात्र डोळा अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि त्या एका भडक्यानं काही क्षण समोर नुसते काजवे! बारा बोरच्या लांब नळीचा जाळ कमी, आणि डोळ्यापासून दूरही. ०.३२ चं काडतूस त्यातल्या त्यात सौम्य, हेही खरं. मॅग्नमसारखं जोरदार काडतूस दोन इंची नळीतून उडवलं तर विचारूच नका.

आवाजाचं तर याहून वाईट. बंदुकीचा बार १४० डेसिबलच्या वर जातो आणि एवढा एकच आवाज कान कायमचा अधू करू शकतो. पत्र्याच्या खोलीत तो भिंतींवर आपटून परत येतो. शेजारी लेकरं निजलेली असतात, त्यांचेही कान त्यातच. सिनेमातला हिरो बंद खोलीत सहा बार काढून लगेच कुजबुजतो, ते पडद्यावरच.

आता दुसऱ्या गोळीचा विचार करा. डोळ्यापुढं काजवे, कानाला दडे. पहिला बार ऐकून पलीकडच्या वस्तीवरचा भाऊबंद 'आलो, आलो' म्हणत धावत येतोय. तो तुम्हाला दिसत नाही, त्याची हाक ऐकू येत नाही. चाप ओढायचा की नाही, हे ठरवणार कशावरून?

२०१६ च्या शस्त्र नियमांत परवाना मागणाऱ्याला हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण सांगितलंय. त्यात मंद उजेडातला एक पाठ सक्तीचा करावा, असं आमचं म्हणणं. तोवर अंगणात दिवा ठेवा, कुत्रं पाळा, शेजाऱ्यांशी हाक ठरवून घ्या आणि ती हाक घरातल्या पोरासोरांनाही शिकवा. सराव मात्र रेंजवरच, कानावर मफ चढवून. नुसत्या कापसाच्या बोळ्यानं भागत नाही. वरातीत हवेत बार काढणं म्हणजे सराव नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनं त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही.