'किरकोळ' या सदराखाली

अर्थसंकल्प म्हटला की आपल्या कार्यकर्त्यांना स्फुरण चढते. केंद्राची तूट, अप्रत्यक्ष करांचा बोजा यांवर तासभर बोलणाऱ्या साथीला, घरी महिन्याकाठी तूरडाळ किती लागते आणि ती काय भावाने आली, एवढे विचारले तर तो उत्तरासाठी स्वयंपाकघराकडे पाहतो. घरखर्चाचा हिशेब ही पांढरपेशांची हौस आहे, असा समज आपल्यात रुजला आहे. तो चुकीचा आहे, आणि आपल्याला महागात पडलेला आहे.

या समजाला कारणही आहे. गुंतवणुकीचे सल्लागार हल्ली सर्रास सांगतात की मिळकतीचा निम्मा भाग गरजांवर आणि तीस टक्के हौसेवर खर्चावा, वीस टक्के शिल्लक टाकावी. २०२३-२४ च्या सरकारी पाहणीनुसार शहरी खर्चापैकी सुमारे ४० टक्के आणि ग्रामीण खर्चापैकी ४७ टक्के केवळ अन्नावर होतो. भाडे, वीज, औषधे, शाळेची फी उरलेल्यात. ही झाली सरासरी. तळच्या थरात अन्नाचा वाटा याहून मोठा. अशा घराने हौसेचे तीस टक्के आणावेत कोठून? ज्याला पुरतच नाही त्याला उधळ्या ठरविणे हा उपदेश नव्हे, अपमान आहे.

परंतु पुरत नाही, हे सिद्ध व्हायचे कशाने? वहीनेच. १९२१-२२ साली मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली, तेव्हा त्यांचा आहार तुरुंगाच्या नियमावलीतील कैद्याच्या शिध्याहूनही कमी भरला. दहा सभांनी साधले नसते ते त्या एका तुलनेने साधले. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे जे निकष घातले, तेही मुळात घरगुती अंदाजपत्रकच होते: तीन प्रौढांच्या हिशेबाने माणशी २७०० उष्मांकांचे अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्तीसह इतर बाबींसाठी एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणवार, म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घातली. ज्याच्या वहीत ही सदरेच नाहीत, तो वाटाघाटीत ती मागणार कशी?

मी वही ठेवू लागलो त्या वर्षी तीत सर्वांत मोठे सदर निघाले 'किरकोळ'. ते फोडून पाहिले. चहापानाची मला धास्ती होती, पण तो आकडा लहानच होता. मोठे होते ते आईच्या गुडघ्यांचे औषध, ऐनवेळचे रिक्षाभाडे आणि हातउसन्यावरचे व्याज. जूनमधील वह्यापुस्तके आणि दिवाळी दरवर्षी येतात हे ठाऊक असूनही दरवर्षी आम्ही गाफील सापडत होतो. अशा खर्चाची बेरीज करून तिचे बारा भाग पाडले आणि एकेक भाग पगाराच्या दिवशीच वेगळ्या डब्यात टाकू लागलो, तेव्हा कुठे हातउसने थांबले. रोजंदारीवाल्याने वर्षातील सर्वांत भाकड महिन्याची मिळकत धरूनच बेत आखावा; सरासरी धरली की पावसाळ्यात घात होतो.

खरी अडचण निराळीच आहे. कितीएक घरांत पत्नीला पतीचा पगार ठाऊक नसतो. तो ठराविक रक्कम तिच्या हाती ठेवतो, तिच्याकडून पैपैचा हिशेब घेतो आणि स्वतःजवळ ठेवलेल्या रकमेचा देत नाही. याला अंदाजपत्रक म्हणत नाहीत, मुकादमी म्हणतात. वही दोघांनी मिळून लिहावी, आणि तिच्या पहिल्या ओळीत पगाराचा पूर्ण आकडा असावा. हे जमले नाही तर पुढची कोणतीही शिस्त टिकत नाही, असा माझा अनुभव आहे.

हप्त्यांचे सदर लाल शाईने लिहा, असे मी तरुण साथींना सांगतो. फोन, दुचाकी, घरातील यंत्रे आता हप्त्याने सहज मिळतात, आणि पुढच्या महिन्यांचा पगार आजच गहाण पडतो. ज्याचा पगार असा गहाण आहे, तो संपाच्या तिसऱ्या दिवशी फाटकाकडे पाहू लागतो. त्याला भित्रा म्हणणे सोपे आहे. त्याची वही पाहण्याची तसदी आपण कधी घेतली नाही.

आमच्या शाखेतील सात घरांनी येत्या पगारापासून एकसारखी सदरे घालून वर्षभर वही लिहायचे ठरविले आहे. 'किरकोळ' हे सदर तीत ठेवलेले नाही.