पहिलं डिस्टॉर्शन पेडल पट्ट्यांच्या बोर्डावर बांधा

इलेक्ट्रिक गिटार वाजवत असाल आणि सोल्डरिंग आयर्न हातात धरायची भीती वाटत नसेल, तर एक तरी डिस्टॉर्शन पेडल स्वतः बांधा. पैसे वाचतील म्हणून मात्र बांधू नका. डबा, पायाने दाबायचा स्विच, जॅक, नॉब आणि सुटे पार्ट यांची बेरीज सहज एखाद्या स्वस्त तयार पेडलपर्यंत जाते. बांधायचं ते अशासाठी, की स्वच्छ आवाज कुठे आणि कसा कापला जातो हे एकदा कळलं की पुढे तो आपल्या मनासारखा कापता येतो.

सर्किट लहानच निवडा. सत्तरच्या दशकात अमेरिकेत निघालेली एमएक्सआरचं डिस्टॉर्शन प्लस आणि डीओडीचं २५० ही दोन पेडल्स जवळजवळ एकाच सर्किटवर चालतात. एक ७४१ आयसी, दोन डायोड आणि मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर. आयसी गिटारचा क्षीण सिग्नल जास्तीत जास्त दोनशेपटीच्या आसपास वाढवतो आणि एकमेकांना उलटे जोडलेले डायोड त्याचे वरचे-खालचे शेंडे छाटतात. एमएक्सआरचे डायोड जर्मेनियमचे, ते ०.३ व्होल्टच्या सुमाराला छाटू लागतात. डीओडीचे सिलिकॉनचे, ते ०.६ च्या सुमाराला. म्हणून डायोड थेट सोल्डर करूच नका. आयसी बेसचा तुकडा कापून तिथे बसवा आणि जोड्या बदलून वाजवून पाहा. लाल एलईडीची जोडीसुद्धा चालते. ती दीड व्होल्टच्या पुढे छाटते, त्यामुळे आवाज मोठा आणि मोकळा येतो. जुन्या जर्मेनियम डायोडसाठी लोक मोजतात तेवढे पैसे मोजण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. ७४१ला जुनाट म्हणून नाकं मुरडणारेही भेटतील. पण दोनशेपट वाढवताना पाच किलोहर्ट्झच्या वरचं त्याला नीट झेपत नाही, आणि आवाजाची कर्कश धार तिथेच कमी होते.

आता बोर्ड. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत नुसता ‘झीरो पीसीबी’ मागितलात तर सुट्या ठिपक्यांचा बोर्ड हातात पडेल. आपल्याला तांब्याच्या सलग पट्ट्यांचा, म्हणजे स्ट्रिपबोर्ड किंवा व्हेरोबोर्ड हवा. त्याची भोकं ०.१ इंचावर असतात, आयसीचे पाय त्यांत बरोबर बसतात. नको तिथे पट्टी तोडायची असते. चार मिलिमीटरचं ड्रिल बिट भोकावर ठेवून बोटांनीच फिरवा, मशीन नको. आयसीखाली समोरासमोरचे पाय एकाच पट्टीवर येतात, म्हणून आठ पायांच्या आयसीखाली चार ठिकाणी पट्टी तोडावी लागते.

बहुतेक बोर्ड वाया जातात ते इथेच. आराखडा पार्टांच्या बाजूने काढलेला असतो आणि पट्टी आपण तांब्याच्या बाजूने तोडतो, म्हणजे डावं-उजवं उलटतं. वरून भोकात टाचणी घाला, ती खाली जिथे निघेल तिथे मार्करने खूण करा, आणि सगळ्या खुणा झाल्यावरच बिट उचला. तोडून झालं की प्रत्येक जागी मल्टिमीटर लावा. बीप वाजली तर तांब्याचा केसाएवढा तंतू अजून शिल्लक आहे. शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये बीप वाजली तर मधे तांब्याचा कीस अडकलाय, ब्लेडची टोकदार बाजू खाचेतून ओढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण सोल्डरिंगच्या आधी केलं तर अर्ध्या तासाचं आणि नंतर केलं तर अख्ख्या संध्याकाळचं.

सोल्डरिंगला २५ वॅटचं आयर्न पुरतं. आधी जंपर वायरी, मग रेझिस्टर, मग आयसी बेस, शेवटी उभे कपॅसिटर. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची उणे बाजू दोनदा तपासा. खिडकी उघडी ठेवा. सोल्डरमध्ये शिसं असतं, तेव्हा हात धुतल्याशिवाय चहाचा कप उचलू नका.

नऊ व्होल्टची बॅटरी जोडल्यावर आयसीच्या सातव्या पायावर नऊच्या जवळपास आणि सहाव्यावर साडेचारच्या जवळपास व्होल्टेज दिसायला हवं. दिसलं, तरी आवाज नाही? मग ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अॅम्पकडे जाणाऱ्या वायरच्या टोकाला लावा, अॅम्पचा आवाज अगदी बारीक ठेवा, गिटार वाजवत राहा आणि त्या टोकाने इनपुटपासून एकेक जागा शिवत पुढे जा. सिग्नल जिथे गडप होईल तिथेच दोष आहे. अॅम्प उघडून आत शोधाशोध करायची नाही, विशेषतः व्हॉल्व्हचा असेल तर अजिबात नाही.

उघड्या बोर्डावर घूं घूं ऐकू येणारच. अॅल्युमिनियमचा डबा ग्राउंडला जोडला की ती बरीचशी जाते, पण डब्याला भोकं पाडायची ती सर्किट वाजल्यावरच. अॅडॉप्टर वापरणार असाल तर बहुतेक पेडल्सप्रमाणे पिनच्या मधोमध उणे ठेवा. घरातले इतर अॅडॉप्टर बहुधा याच्या उलट असतात. आणि इनपुटला स्टीरिओ जॅक घ्या. त्याची रिंग बॅटरीच्या उणे टोकाला जोडली की गिटारची वायर घातल्यावरच पेडल चालू होतं, आणि वाजवून झाल्यावर ती वायर काढून ठेवली की बॅटरी रात्रभर उतरत नाही.