समजून घ्या : इराणमधले १४०४ म्हणजे आपले कोणते साल? तारीख ओळखण्याची सोपी रीत

इस्रायलने इराणवर हल्ले सुरू केले, तो दिवस १३ जून २०२५. इराणी कागदपत्रांत त्या दिवसाची तारीख आहे १४०४/०३/२३, म्हणजे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. हीच तारीख ‘हिजरी’ समजून एखाद्या कन्व्हर्टरमध्ये टाकली, तर उत्तर येते डिसेंबर १९८३. एका चुकीच्या पर्यायामुळे ताजा कागद ४१ वर्षे जुना ठरतो. युद्ध किंवा आंदोलनाच्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे पत्रक, फोटो जुना की नवा हे ठरवताना कोपऱ्यातली तारीख हाच अनेकदा पहिला पुरावा असतो. म्हणून ती वाचता यायला हवी.

ही हिजरी वेगळी कशी?

दोन्ही हिजरी कालगणनांची सुरुवात इ. स. ६२२ मधील प्रेषित महंमद यांच्या मक्केहून मदिनेला झालेल्या स्थलांतरापासून धरतात. फरक मोजणीचा आहे. रमजान, मोहरम ज्या पंचांगाने ठरतात ते चांद्र. त्याचे वर्ष साधारण ३५४ दिवसांचे. इराणचे वर्ष मात्र सूर्यावर चालते आणि ३६५ किंवा ३६६ दिवसांचे असते. चांद्र वर्षे लवकर संपतात, त्यामुळे त्यांचा आकडा पुढे पळतो. १३ जून २०२५ रोजी चांद्र हिजरी १४४६ होते, तर सौर हिजरी १४०४. इराणने ही सौर पद्धत १९२५ मध्ये कायद्याने स्वीकारली.

महिने किती दिवसांचे?

फर्वर्दीन, ऑर्दिबेहेश्त, खोर्दाद, तीर, मोर्दाद आणि शहरीवर हे पहिले सहा महिने ३१ दिवसांचे. पुढचे मेहेर, आबान, आझर, दे आणि बहमन हे पाच ३० दिवसांचे. शेवटचा एस्फंद २९ दिवसांचा, लीप वर्षात ३० चा.

वर्ष नेमके कधी बदलते?

वसंत संपाताच्या क्षणावर. हा क्षण तेहरानच्या दुपारी १२ पूर्वी आला, तर तोच दिवस नवे वर्ष, म्हणजे नवरोझ. दुपारनंतर आला, तर दुसरा दिवस. २०२५ मध्ये हा क्षण २० मार्चला तेहरानच्या वेळेनुसार दुपारी १२ वाजून ३१ मिनिटांनी आला. अवघ्या अर्ध्या तासाने दुपार उलटली होती, म्हणून १४०४ हे वर्ष २१ मार्चला सुरू झाले. २० मार्च हा १४०३ चा जादा दिवस, ३० एस्फंद ठरला.

अ‍ॅप चुकू शकते का?

हो. लीप वर्ष दर चार वर्षांनी येते, पण अधूनमधून पाच वर्षांचे अंतर पडते. १४०३ नंतरचे लीप वर्ष १४०८ आहे. काही प्रोग्राम सूर्याची गणिते टाळून २,८२० वर्षांच्या चक्राचे तयार सूत्र वापरतात. या सूत्राने लीप वर्ष १४०३ नव्हे, तर १४०४ येते. परिणामी अशा कन्व्हर्टरमध्ये १४०४ मधली प्रत्येक तारीख एका दिवसाने चुकते. तपासायचे असेल तर २१ मार्च २०२५ टाका. उत्तर १ फर्वर्दीन १४०४ यायला हवे. २ फर्वर्दीन आले, तर ते साधन वापरू नका.

अ‍ॅपशिवाय तारीख कशी काढायची?

१४०४ मध्ये महिन्यांची पहिली तारीख अशी येते : २१ मार्च, २१ एप्रिल, २२ मे, २२ जून, २३ जुलै, २३ ऑगस्ट, २३ सप्टेंबर, २३ ऑक्टोबर, २२ नोव्हेंबर, २२ डिसेंबर, २१ जानेवारी, २० फेब्रुवारी. इतर वर्षांत यात एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो.

वर्षासाठी इराणी सालात ६२१ मिळवा. तारीख जानेवारी ते नवरोझ या काळात येत असेल, तर ६२२ मिळवा. बहुतेकांची चूक इथेच होते.

उदाहरण घ्या. इराणच्या क्रांतीचा दिवस २२ बहमन १३५७. बहमनची सुरुवात २१ जानेवारीला, त्यात २१ दिवस मिळवले की ११ फेब्रुवारी. महिना फेब्रुवारी, म्हणून १३५७ अधिक ६२२, म्हणजे १९७९.

आकडा २५३५ असेल तर?

शाह मोहम्मद रझा पहलवी यांनी १९७६ मध्ये कालगणनेचा आरंभ सम्राट सायरसपर्यंत मागे नेला आणि १३५५ चे एकदम २५३५ झाले. १९७८ मध्ये हा निर्णय मागे घेण्यात आला. त्या काळातला कागद दिसला, तर सालातून ११८० वजा करा.

अफगाणिस्तानातही सौर हिजरीच होती, फक्त महिन्यांची नावे राशींवरून. तालिबानने २०२२ मध्ये सरकारी कामकाजात चांद्र हिजरी आणली. त्यामुळे तिथल्या एकाच वर्षाच्या कागदांवर १४०१ आणि १४४३ असे दोन्ही आकडे सापडू शकतात. साल वाचण्याआधी महिन्याचे नाव पाहा : हमल, सौर, असद अशी नावे असतील तर सौर, मोहरम, सफर असतील तर चांद्र.

आपल्याकडे असे काही आहे?

आहे. २२ मार्च १९५७ पासून लागू असलेली भारताची राष्ट्रीय सौर दिनदर्शिका जवळपास अशीच आहे. तिचे वर्षही वसंत संपाताच्या सुमारास, २२ मार्चला सुरू होते आणि वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने ३१ दिवसांचे असतात. पण आपण लीप वर्ष इंग्रजी कॅलेंडरवरून ठरवतो. इराण अजूनही सूर्याची वेळ पाहतो. म्हणूनच २०२५ मध्ये ३१ मिनिटांनी तिथले नवे वर्ष एक दिवस पुढे गेले.