इवल्याशा छिद्राची गोष्ट

बिरसी विमानतळावरची शिकाऊ विमानं गोंदियाच्या आकाशात घिरट्या घालू लागली की बाह्यरुग्ण विभागातली मुलं रडणं विसरून खिडकीकडे धावतात. मला मात्र अशा विमानाच्या पंखाखालचं एक इवलंसं छिद्र आठवतं, कारण त्याचं भावंड मी वॉर्डात रोज पाहतो.

लहान विमानांत इंधनाची टाकी बहुधा पंखातच असते. इंजिन जेवढं इंधन ओढेल, तेवढी हवा टाकीत शिरावी लागते. त्यासाठी एक बारीक हवानळी असते. सेस्ना १७२ मध्ये तिचं तोंड डाव्या पंखाखाली, आधाराच्या दांड्यामागे दिसतं. ते बुजलं तर टाकीतला दाब घटतो, प्रवाह मंदावतो आणि टाकीत इंधन असूनही इंजिन बंद पडू शकतं. उन्हाळ्यात हीच नळी उलटं काम करते. पेट्रोल दर १० अंशांना साधारण १ टक्का फुगतं. काठोकाठ भरलेली टाकी मे महिन्यात उन्हात उभी राहिली, की जादा इंधन तिच्यातून ठिबकतं.

नळी बुजवायला फार काही लागत नाही. कुलपाच्या भोकात चिखलाचं घर बांधणारी कुंभारीण माशी आपल्या धानपट्ट्यात कुणाला ठाऊक नाही? ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकाजवळ प्रवासी विमान समुद्रात कोसळून १८९ जण गेले. तिथे बुजली ती वेग मोजणारी नळी. संशय अशाच माशीच्या घरट्यावर होता. म्हणून वैमानिक उड्डाणाआधी वाकून हे छिद्र पाहतो. ‘काल पाहिलं होतं’ हे उत्तर तिथे चालत नाही.

आता सलाईनची बाटली पाहा. ती मऊ पिशवी असेल तर आपोआप आक्रसते, बाहेरची हवा लागत नाही. पण जरा ताठ प्लास्टिकची बाटली अर्धी झाली, की थेंब अडखळतात. मग आपल्याकडे सर्रास बाटलीच्या बुडाशी सुई टोचतात. थेंब सुरू होतात, नातेवाईक निश्चिंत होतात. पण त्या सुईतून वॉर्डातली न गाळलेली हवा थेट औषधात जाते. मीही उमेदवारीच्या काळात अशा कितीतरी सुया टोचल्या आहेत. अर्जेंटिना, ब्राझील, इटली आणि मेक्सिकोतल्या अतिदक्षता विभागांच्या अनुभवांचं एकत्रित विश्लेषण २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. हवा घ्यावी लागणाऱ्या बाटल्यांऐवजी आक्रसणाऱ्या बंद पिशव्या वापरल्यावर, मोठ्या शिरेतल्या नळीमुळे होणारा रक्तातला जंतुसंसर्ग सुमारे दोन तृतीयांशाने घटला होता.

सगळीकडे पिशव्या लगेच येणार नाहीत, हे मला कळतं. पण गाळणीची हवावाट असलेले सलाईनचे सेट मिळतात. थेंब पडतात त्या कुपीशेजारचं छोटं टोपण उघडलं, की काम होतं. खरेदीच्या यादीत तेच सेट मागवावेत आणि सुई टोचणं आजपासून थांबवावं. तुमच्या माणसाच्या बाटलीत कुणी सुई खुपसू लागलं, तर ‘सिस्टर, सेटला टोपण आहे का?’ एवढं जरूर विचारा. आम्हाला राग येणार नाही. आला तरी विचारा.