कोटाशिवाय पंगत नाही?

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके समुद्रापासून घाट चढून पार अलीकडे आहेत. तरी क्रूझ ही गोष्ट इथे नवलाईची राहिलेली नाही. 2021 च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलियाचे जहाज मुंबईहून गोवा-लक्षद्वीपकडे सुटू लागले. रांजणगाव एमआयडीसीतली नोकरदार जोडपी, उसाचे बिल जमा झाल्यावर एकदा तरी जाऊन येऊ म्हणणारी घरे, परदेशातल्या लेकाने तिकडच्या जहाजाचे तिकीट काढून बोलावून घेतलेले आई-वडील, असे प्रवासी या भागात भेटू लागले आहेत. तिकिटासोबत सूचनांचा कागद येतो आणि त्यात एक ओळ असते: अमुक रात्री ‘फॉर्मल’ पोशाख. मग घरात प्रश्न पडतो, आता दादांना सूट शिवायचा की काय?

क्युनार्डसारख्या जुन्या ब्रिटिश कंपनीच्या जहाजांवर ‘गाला इव्हनिंग’ला पुरुषांनी डिनर जॅकेट किंवा गडद सूट आणि बायकांनी तशाच तोलाचा पोशाख करावा, अशी अपेक्षा असते. ज्याला हे नको, त्याला उपाशी ठेवत नाहीत. बुफेत जेवता येते, मात्र मुख्य भोजनगृह आणि काही दालने त्या रात्री त्याच्यासाठी नसतात. दुसरीकडे नॉर्वेजियन क्रूझ लाइनने 2000 साली ‘फ्रीस्टाइल’ म्हणत ही सक्तीच काढून टाकली. म्हणजे खुद्द धंद्यातच या प्रश्नावर एकमत नाही.

नियमाच्या बाजूने बोलायचे तर आधी स्वतःकडे बघावे लागेल. कपड्यांचे कायदे फक्त गोऱ्या साहेबाचे, असा आव आणण्यात अर्थ नाही. आपल्याकडच्या लग्नात फेटा कोणाला बांधायचा, टॉवेल-टोपी कोणाला आणि नुसता नारळ कोणाला, यावरून रुसवेफुगवे होतात. दशक्रियेला कोणी भडक शर्ट घालून घाटावर आला तर कोणी बोलत नाही, पण नजर बोलते. नवरात्रात बँकेपासून एसटीच्या डेपोपर्यंत सगळे ठरलेल्या दिवशी ठरलेल्या रंगात दिसतात, आणि ती तर सक्तीही नाही. एका रात्रीपुरते सगळ्यांनी ठेवणीतले कपडे काढावेत, फोटो चांगले यावेत, जेवण घाईत न उरकता रंगावे, यात वाईट काय? दौंडच्याच रेल्वे कॉलनीत एकेकाळी अँग्लो-इंडियन कुटुंबांची मोठी वस्ती होती. रेल्वे इन्स्टिट्यूटमधला नाच म्हणजे इस्त्रीचा कोट आणि झगा हे त्या समाजात गृहीतच होते. दिवसभर कोळशात काम केलेल्या फायरमनला त्या संध्याकाळी कोट चढवताना गुलामी वाटत असेल, असे मानायला आधार नाही. उलट त्या कोटात तो इतरांच्या बरोबरीने उभा राहात असणार.

आता दुसरी बाजू. 1888 च्या सप्टेंबरमध्ये 18 वर्षांचे मोहनदास गांधी ‘क्लाइड’ जहाजाने मुंबईहून इंग्लंडला निघाले. जहाजावर काळा सूट वापरला, पांढरे फ्लॅनेल उतरताना घालण्यासाठी जपून ठेवले. काटा-चमचा कसा धरायचा आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे कोणाला विचारायचे, या संकोचाने ते जेवणाच्या टेबलाकडे फिरकले नाहीत. बरोबर आणलेली मिठाई आणि फळे केबिनमध्येच खात राहिले. इंग्लंडला उतरले तेव्हा सप्टेंबरअखेर होती आणि पांढऱ्या कपड्यांत तेवढे एकटेच होते. तेच गांधी 1931 मध्ये ‘राजपुताना’ जहाजाने गोलमेज परिषदेला गेले ते पंचा आणि शालीत, आणि त्याच वेषात बकिंगहॅम राजवाड्यात राजाकडे चहाला गेले. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण नियमाचा विचार करताना 1931 चा महात्मा समोर ठेवून चालत नाही. नियम सोसावा लागतो तो केबिनमध्ये बसून पेढे खाणाऱ्या पोराला. संकोच त्याचा, पैसे त्याचे, आणि टेबलावरची खुर्ची मात्र रिकामी.

पैशांचा मुद्दा लहान नाही. आयुष्यात एकदा घालायच्या सुटासाठी शिलाई द्यायची, तो पुन्हा देशांतर्गत विमानाच्या 15 किलोंत बसवायचा आणि परत आल्यावर कपाटात डांबराच्या गोळ्यांसोबत ठेवायचा. भाड्याने सूट मिळतो, पण तो लग्नातल्या नवरदेवाचा, चमचमत्या बटणांचा. तो घालून क्रूझवर गेलेला माणूस फॉर्मल कमी आणि वरातीतून चुकलेला जास्त दिसेल.

आमच्या मते खरा घोळ कोट घालायला सांगण्यात नाही, पाहुण्याचा स्वतःचा ठेवणीतला पोशाख मोजणार की नाही, यात आहे. पैठणी किंवा इरकली नेसलेल्या बाईला जगातले कोणतेही भोजनगृह अडवत असेल असे वाटत नाही. तिची फॉर्मल रात्र आपोआप पार पडते. अडचण पुरुषांची होते. स्वच्छ धोतर, कडक इस्त्रीचा नेहरू शर्ट, वर जाकीट आणि टोपी हा शिरूरच्या बाजारपेठेत आणि दौंडच्या कचेरीत मान राखणारा पोशाख. ब्रिटिश कंपन्यांच्या नियमांत राष्ट्रीय औपचारिक वेषाला जागा असते, हे आपल्याकडच्या प्रवाशांना कोणी सांगतच नाही. अशी अडवणूक आपल्याच देशातही झाली आहे. 2014 च्या जुलैत चेन्नईत तमिळनाडू क्रिकेट असोसिएशनच्या क्लबात वेष्टी, म्हणजे तिकडचे धोतर, नेसलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना दारातच थांबवले गेले. त्याच वर्षी तिथल्या विधानसभेने कायदा करून अशी मनाई बंद केली. महाराष्ट्रात तसा कायदा करावा असे आम्ही म्हणणार नाही. परदेशी झेंड्याच्या जहाजाला तो कितपत लागेल हा वेगळाच गुंता, आणि प्रत्येक दारावर कायदा उभा करण्यात शहाणपणही नाही.

नियम आधी कळतो का आणि न पाळणाऱ्याची दुसरी सोय असते का, हा निकष घरच्या नियमांनाही लावायला हवा. दौंडकडून भीमा ओलांडली की सिद्धटेक. त्या देवस्थानचा कारभार पाहणाऱ्या चिंचवड देवस्थान ट्रस्टने 2025 मध्ये आपल्या मंदिरांसाठी वस्त्रसंहिता जाहीर केली. तुळजापुरात 2023 मध्ये असे फलक लागले आणि ओरड झाल्यावर त्याच दिवशी उतरले. देवळात अंगभर कपडे असावेत हे म्हणणे समजण्यासारखे आहे. पण जहाजाच्या प्रवाशाला महिनाभर आधी कागद तरी मिळतो. अष्टविनायकाच्या बसमधून आलेल्या पोरीला नियम कळतो तो थेट पायरीवर, रांगेतल्या सगळ्यांसमोर. तिथे बाजूला बुफेही नसतो, कारण गाभारा एकच. त्यामुळे दारात नेसायला उपरणे किंवा लुंगी ठेवणारे देवस्थान आम्हाला नुसत्या फलकापेक्षा बरे वाटते.

जहाजाबाबत आमचा कौल असा, की फॉर्मल रात्र राहू द्यावी. ज्याला ती नको त्याला त्याच पैशांत नीट जेवायला मिळावे, बुफेत उरलेसुरले नको. तिकीट विकणाऱ्या एजंटांनी सूचनांचा कागद मराठीत द्यावा, आणि त्यात बंदगळा, जाकीट, धोतर, नऊवारी चालते की नाही हे स्पष्ट लिहून घ्यावे. ‘स्मार्ट’, ‘एलिगंट’ असल्या शब्दांवरून आमच्याकडचा माणूस काय शिवून घेणार?

एक गोष्ट मात्र सुटत नाही, ती पायांची. धोतर मान्य झाले तरी बहुतेक ठिकाणी बंद बूट मागतात, आणि धोतराखाली काळे बूट घालून चालणारा माणूस आपल्याला जुन्या फोटोतल्या रावबहादुरासारखा दिसतो. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. 2025 च्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या फॅशन शोमध्ये पुरुष मॉडेलांच्या पायांत तशाच चपला घातल्या, आणि त्यावरून केवढा गदारोळ झाला. भोजनगृहाच्या दारावरच्या माणसापर्यंत ती बातमी पोचली असेल याची खात्री नाही. तेव्हा दादांच्या बॅगेत एक बुटांचा जोड असू द्यावा.