मुदत रागाला असते, सांडपाण्याला नाही



भोकरदन, अंबडकडच्या जुन्या गल्ल्यांत घराला घर खेटून असतं. शेजाऱ्याच्या न्हाणीचं पाणी आपल्या भिंतीत मुरतं. आधी सांगून पाहायचं, मग चार मोठी माणसं बसवायची, मग नगरपालिकेत अर्ज, आणि शेवटी कोर्ट. तिथे साक्षी होतात, पाणी मुरतं हे सिद्ध होतं, मनाई हुकूम मिळतो. मग शेजारी जिल्हा न्यायालयात अपील करतो आणि तिथे पहिल्यांदाच म्हणतो, "नळी दहा वर्षांपूर्वी बसवली. दावा मुदतबाह्य आहे." पाणी पडत नाही, असं तो म्हणतच नाही. तुम्ही उशिरा बोललात, एवढंच म्हणतो. आणि आपलेच लोक याला हुशारी म्हणतात! मला ही हुशारी मान्य नाही.

मुदत कायदा 1963 चं कलम 3 सांगतं की प्रतिवादीने मुद्दा काढला नाही, तरी मुदतीनंतरचा दावा कोर्टाने फेटाळायचा. अपिलातल्या या युक्तीला आधार तो एवढाच. पण 2005 साली नर्ने राममूर्ती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फरक स्पष्ट केला. मुदत गेल्याचं कागदांवरूनच उघड दिसत असेल, तर कोर्ट स्वतःहून पाहील. पुरावा लागणार असेल, तर मुद्दा आधी कैफियतीत घेतलेला हवा. नळी कधी बसली, त्रास कधी सुरू झाला, हे पुराव्याशिवाय कसं कळणार?

शिवाय कलम 22 आहे. चूक चालूच असेल, तर ती चालू असेपर्यंत क्षणोक्षणी मुदत नव्याने सुरू होते. चालू चूक म्हणजे काय, हे आपल्या आळंदीच्याच खटल्यात ठरलं. ज्ञानेश्वर महाराज संस्थानाने गुरव पुजाऱ्यांना 1911 साली काढलं होतं. 1959 साली सर्वोच्च न्यायालयाच्या वतीने न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी लिहिलं की ती कृती त्याच वेळी पूर्ण झाली. परिणाम पुढे राहिला म्हणून चूक चालू आहे असं होत नाही. पुजारी हरले. हाच निकष न्हाणीला लावा. शेजाऱ्याने एकदा आपली कुंपणभिंत पाडली, तर ते त्या दिवशी संपलं. पाणी मात्र रोज नव्याने सोडलं जातं.

कोणी म्हणेल, मुदत हवीच. साक्षीदार मरतात, कागद हरवतात. खरं आहे. म्हणूनच मुद्दा पहिल्या दिवशी काढा, साक्षीदार जिवंत असताना. हरल्यावर काढलेली मुदत ही पुराव्याची काळजी नव्हे, पळवाट आहे.

आपल्या धर्मातही मुदती आहेत. संज्वलन कषाय पंधरा दिवसांचा, प्रत्याख्यानावरण चार महिन्यांचा, अप्रत्याख्यान वर्षाचा. त्यापलीकडे धरून ठेवला तर अनंतानुबंधी. म्हणून पक्खी, चौमासी, संवत्सरी प्रतिक्रमण. पण ही मुदत माझ्या रागाला आहे. समोरच्याला दिलेल्या त्रासाला नाही. दहा वर्षं जुनं झालं म्हणून कर्म फिटत नाही. उलट दहा वर्षांचं साचतं. संवत्सरीला शेजाऱ्याच्या दारात जाऊन "मिच्छामि दुक्कडम्" म्हणायचं आणि त्याच आठवड्यात अपिलात मुदतीचा मुद्दा घालायचा, हे कसलं खमावणं?

ज्यांच्या भिंतीत पाणी मुरतंय त्यांनाही सांगते: क्षमा म्हणजे गप्प बसणं नव्हे. वीस वर्षं उघडपणे, विनातक्रार, हक्काने पाणी सोडू दिलं, तर शेजारी वहिवाटीचा हक्क सांगू शकतो. नुकसानभरपाईही साधारण मागच्या 3 वर्षांपलीकडची मिळणं अवघड. म्हणून मनात राग न ठेवता, पण तारीख घालून, लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा.

आणि ज्यांची नळी आहे त्यांनी वकिलाकडे जाण्याआधी प्लंबरकडे जावं. अपिलाच्या खर्चात दहा नळ्या वळवून होतात.